खुर्ची देतायत, पण सही कुणाची चालणार?

या वेळचं पत्र थोडं छोटं करून देतेय:

"ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांची आहे. एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत १८ वर्षं झाली, आधी क्वालिटी, मग पर्चेस, आता सप्लाय चेन बघते. आमचा एक विभाग तीन वर्षं तोट्यात आहे आणि तेवढ्यात दोन हेड येऊन गेले. गेल्या आठवड्यात एमडींनी बोलावलं आणि म्हणाले की तो विभाग आता तू घे, 'तिथे सगळ्यांना सांभाळून घेणारं माणूस पाहिजे, आणि बोर्डालाही एखादी बाई वर आलेली बघायची आहे.' पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. नवरा म्हणतो डोळे झाकून घे, अशी संधी परत येत नाही. जुनी मैत्रीण म्हणते तुला बळीचा बकरा करतायत. ऑफिसात कुजबुज आहे की बाई आहे म्हणून मिळतंय, आणि जो कलीग इतकी वर्षं त्या पोस्टची वाट बघत होता तो माझ्याशी धड बोलत नाहीये. वर मी फार कडक आहे असंही ऐकते. खरं सांगू का, मला ते काम करायचंय, मला जमेल असंही वाटतं, पण रात्री दोन-दोनला जाग येते. नाही म्हटलं तर पुन्हा कधी विचारतील का? आणि हो म्हटलं आणि बुडाले तर?"

अगं, नवरा काय म्हणतो, मैत्रीण काय म्हणते, एमडी काय म्हणाले, ऑफिसात काय चाललंय हे सगळं तुझ्या पत्रात आहे आणि त्या गर्दीत एक ओळ तू घाईघाईत लिहून पुढे गेलीयेस, 'मला ते काम करायचंय, मला जमेल असंही वाटतं.' माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच आहे. १८ वर्षं क्वालिटी, पर्चेस, सप्लाय चेन करून आलेल्या बाईला माल कुठे अडकतो, पैसा कुठे अडकतो, कुठला सप्लायर खरं बोलतो आणि कुठला वेळ मारून नेतो हे कुणी शिकवायला नको. तेव्हा जमेल का, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. ते तुला नक्की काय देतायत, हा प्रश्न आहे.

नवरा म्हणतो संधी, मैत्रीण म्हणते सापळा, पण ते ठरवण्याइतकी माहिती दोघांकडेही नाही आणि तुझ्याकडेही नाही. एमडींनी तुला पद सांगितलं, अधिकार सांगितले नाहीत. आणि सगळा खेळ तिथेच आहे गं.

माझं सांगते. खूप वर्षांपूर्वी मलाही असंच एका सर्व्हिस विभागाचं हेड केलं होतं, तोट्यातला नव्हता पण तक्रारींनी भरलेला. केबिन मिळाली, दारावर नाव लागलं, घरचे खूश, मी स्वतः इतकी खूश की पहिला महिना सगळ्यांचे आभार मानण्यातच गेला. दुसऱ्या महिन्यात एक टेस्टिंग मशीन बंद पडलं, त्याचा पार्ट मागवायचा होता, फार मोठी रक्कमही नव्हती, मी फॉर्म भरला आणि सही करायला खालच्या ओळीवर गेले तर तिथे तीन रकाने, प्रस्ताव, शिफारस आणि मंजुरी, आणि माझं पद छापलेलं होतं शिफारसच्या रकान्यात. मंजुरीच्या रकान्यात माझ्याआधी जे साहेब त्या विभागाचे हेड होते आणि प्रमोशन घेऊन वर गेले होते त्यांचं नवीन पद. ते टूरवर. १९ दिवस तो कागद त्यांच्या टेबलावर पडून होता, त्या १९ दिवसांत कस्टमरचे फोन घेतले मी, आणि महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये 'एवढा उशीर का झाला' हेही मलाच विचारलं. मी उत्तर दिलं, माफीसुद्धा मागितली. मला वाटायचं हळूहळू विश्वास बसेल आणि मग अधिकार मिळतील. नाही मिळाले. दीड वर्षाने विभाग दुसऱ्या एकाला दिला आणि त्याच्या पहिल्याच आठवड्यात तो फॉर्म बदलला, त्याचं पद मंजुरीच्या रकान्यात आलं. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याने जॉइन व्हायच्या आधी मागून घेतलं होतं एवढंच. मी मागितलं नव्हतं, आणि मागायचं असतं हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही तो फॉर्म आठवला की पोटात तुटतं. म्हणून तुला कळकळीने सांगतेय, सही कुणाची चालणार ते हो म्हणायच्या आधी विचार.

हे सहीचं प्रकरण तुझ्या-माझ्यापुरतं नाहीये. अमेरिकेत काही राज्यांमध्ये १९८८ पर्यंत बाईला धंद्यासाठी कर्ज घ्यायचं तर घरातल्या एखाद्या पुरुषाची सही मागता यायची, म्हणजे धंदा तिचा, राबणार ती, फेडणार ती आणि सही नवऱ्याची नाहीतर बापाची. त्या वर्षी विमेन्स बिझनेस ओनरशिप ॲक्ट आला तेव्हा ते थांबलं. १९८८ गं, तू-मी जन्मलेल्या होतो तेव्हा.

कॅथरीन ग्रॅहमचं नाव तू ऐकलं असशील. तिच्या वडिलांनी १९३३ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट हा अमेरिकेतला पेपर विकत घेतला, ती स्वतः पत्रकार, तरी १९४६ मध्ये वडिलांनी कारभार दिला जावयाच्या हातात, आणि तेव्हा तिलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. १९६३ मध्ये नवरा गेला आणि ४६ व्या वर्षी, चार मुलांची आई असताना, ती त्या कंपनीत जाऊन बसली. सुरुवातीला भीतीने तोंडातून शब्द फुटायचा नाही असं तिनेच लिहून ठेवलंय. पण १९७१ मध्ये पेंटागॉन पेपर्स, म्हणजे व्हिएतनाम युद्धाबद्दलची सरकारची गुप्त कागदपत्रं, छापायचे का हा प्रश्न आला, न्यूयॉर्क टाइम्सला सरकारने कोर्टातून थांबवलेलं होतं, इकडे हिची कंपनी त्याच आठवड्यात शेअर बाजारात आलेली, वकील नको म्हणत होते, संपादक छापा म्हणत होते, आणि शेवटचा फोन तिला आला. तिने छापा म्हटलं. हा फोन तिलाच का आला याचा विचार कर. ती फार धीट होती म्हणून नाही, उलट ती घाबरलेली होती. कंपनीची मालकी तिच्याकडे होती, तिच्या 'हो' शिवाय पान हलणार नव्हतं म्हणून आला. धीर मागाहून आला तरी चालतो गं, अधिकार आधी लागतो.

१९७२ मध्ये ती फॉर्च्युन ५०० मधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या ५०० कंपन्यांच्या यादीतल्या, कंपनीची पहिली बाई सीईओ झाली. आणि त्या यादीतल्या कंपन्यांमध्ये बायका सीईओंचा आकडा दहा टक्क्यांच्या वर पहिल्यांदा गेला तो २०२३ मध्ये. पन्नास वर्षं लागली एवढ्याला.

आता तुझ्या मैत्रिणीच्या बोलण्याकडे येते, कारण ती काही उगाच बोलत नाहीये. २००३ मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्रात लेख आला होता की ब्रिटनमधल्या ज्या मोठ्या कंपन्यांच्या बोर्डावर बायका आहेत त्यांची कामगिरी खराब आहे, मग बायकांनी नुकसानच केलं की काय. मिशेल रायन आणि ॲलेक्स हॅस्लम या दोन संशोधकांनी त्या कंपन्यांचे आकडे तारखेनुसार लावून बघितले तर गोष्ट उलटी निघाली, ज्या कंपन्यांनी बाईला घेतलं त्यांची घसरण आधीचे पाच महिने चालूच होती. म्हणजे बाई आली म्हणून कंपनी पडली असं नव्हतं, कंपनी पडत होती तेव्हा बाईची आठवण झाली होती. २००५ मध्ये त्यांनी याला ग्लास क्लिफ नाव दिलं, काचेचा कडा. नंतरचे सगळे अभ्यास एकसारखे निघाले नाहीत, काहींत हा परिणाम दिसला, काहींत नाही, तेव्हा दर वेळी असंच होतं असं धरून चालू नकोस. पण त्याच मंडळींच्या पुढच्या कामात एक गोष्ट दिसली ती तुझ्यासाठी फार महत्त्वाची आहे. कंपनी संकटात असताना बाई बरी असं लोकांना वाटतं खरं, पण कशासाठी, तर माणसं सांभाळायला आणि अपयश आलं तर ते अंगावर घ्यायला. धंदा सुधारून दाखवायला नाही.

आता एमडींचं वाक्य परत वाच, 'सगळ्यांना सांभाळून घेणारं माणूस पाहिजे.' त्यांच्या मनात वाईट असेलच असं मी म्हणत नाही, चांगल्या मनानेही लोक असं बोलतात. पण तीन वर्षं तोट्यात असलेल्या विभागाला सांभाळून घेणारं माणूस कशाला पाहिजे? तिथे किमती बदलणारं, नको ती ऑर्डर नाकारणारं, गरज पडली तर माणसं हलवणारं कुणीतरी पाहिजे, आणि यातलं प्रत्येक काम कुणाला ना कुणाला दुखावणारं आहे. तेव्हा तू त्यांना सरळ विचार, सर, तुम्हाला हा विभाग शांत करून हवाय की नफ्यात आणून हवाय? मी नफ्यात आणायला येईन. हे वाक्य पाठ कर हवं तर, आणि ते म्हणून झाल्यावर गप्प बस, त्यांना बोलू दे. उत्तर काय देतात यापेक्षा कसं देतात यावरून तुला खूप काही कळेल.

बुडणाऱ्या कंपनीतून बायका वर आल्याच नाहीत असंही नाही. ॲन मल्कही १९७६ मध्ये झेरॉक्स या कॉपी मशीनच्या कंपनीत सेल्सला लागली, मग एचआर सांभाळलं, आणि २००१ मध्ये सीईओ झाली तेव्हा कंपनी कर्जात बुडालेली, हिशोबांची चौकशी चालू, आणि सल्लागार दिवाळखोरी जाहीर करा म्हणत होते. तिने ऐकलं नाही. पण तिने जे केलं त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट फार छोटी आहे. फायनान्स हा तिचा प्रांत नव्हता हे तिने लपवलं नाही, कंपनीतल्याच फायनान्समधल्या एका माणसाला बसवून ताळेबंद शिकून घेतला, एवढ्या मोठ्या पदावर असताना. कंपनी नफ्यात आणली आणि २००९ मध्ये सूत्रं दिली अर्सुला बर्न्सकडे, फॉर्च्युन ५०० मध्ये एका बाईने दुसऱ्या बाईकडे कंपनी सोपवायची ती पहिलीच वेळ. मेरी बाराचंही तसंच, जानेवारी २०१४ मध्ये जनरल मोटर्सची सीईओ झाली आणि महिन्याभरात इग्निशन स्विचचा घोळ बाहेर आला, गाड्या चालता चालता बंद पडत होत्या, माणसं गेली होती, आणि कंपनीतल्या लोकांना ते जवळजवळ दहा वर्षं माहीत होतं. तिला संसदेच्या समितीपुढे उभं राहावं लागलं. पण बाहेरचा वकील आणून चौकशी लावायचा अधिकार तिच्या हातात होता, १५ जणांना काढायचाही होता, आणि तिने तो वापरला. सांभाळून घे म्हणून बसवलेल्या बाईला यातलं काय करता आलं असतं?

मग तू काय करायचंस. या पंधरा दिवसांत आधी त्या विभागाचे तीन वर्षांचे हिशोब माग, आणि नुसता शेवटचा आकडा बघू नकोस. तोटा त्या विभागाचा स्वतःचा आहे की हेड ऑफिसचा खर्च, इमारत, आयटी, इतर विभागांकडून येणाऱ्या मालाची आतली किंमत, हे सगळं त्याच्या माथी मारून झालेला आहे ते बघ. मी असे विभाग बघितलेत जे स्वतःच्या धंद्यात नफ्यात होते आणि वाटून आलेल्या खर्चामुळे कागदावर तोट्यात होते, आणि तिथे बिचाऱ्या हेडने कितीही जीव काढला तरी आकडा हलणार नव्हता, कारण तो आकडा दुसऱ्याच मजल्यावर ठरत होता. तुझ्या फायनान्समध्ये विश्वासाचं कुणी असेल तर त्याच्यासोबत दोन संध्याकाळी बस, न लाजता 'हे काय आहे' असं प्रत्येक ओळीला विचार. मल्कहीने विचारलं, तू पण विचार.

दुसरं, जे दोघं सोडून गेले त्यांना फोन कर. दोघांनाही. लोक हे करायला कचरतात, वाटतं कंपनीला कळलं तर काय म्हणतील, पण काही गैर नाही त्यात. त्यांना 'का सोडलं' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर सगळे गोलगोल देतात. असं विचार की तुम्हाला कुठला निर्णय घ्यायचा होता आणि घेता आला नाही. दोघांनी एकच निर्णय सांगितला तर तुझं कुलूप कुठे आहे ते तुला कळलं.

मग एमडींकडे जा आणि माग. अप्रूव्हल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कुणी कशाला मंजुरी द्यायची त्या तक्त्यात, किती रकमेपर्यंत तुझी सही अंतिम आहे, किमती कोण ठरवणार, माणसं घ्यायचा आणि हलवायचा अधिकार कुणाचा, तू थेट एमडींना रिपोर्ट करणार की मध्ये कुणी आहे, आणि मॅनेजमेंट कमिटीत तुला जागा आहे का. आधीच्या दोन हेडना जे होतं त्यापेक्षा कमी काहीही घेऊ नकोस, पगारसुद्धा, आणि पगाराचं विचारताना आवाज खाली आणू नकोस. वेळेचंही बोल. तीन वर्षांत साचलेलं दोन तिमाहींत निघत नाही, मला विचारशील तर सहा ते आठ तिमाही माग, आणि मधल्या टप्प्यांवर कशाला यश म्हणायचं ते आत्ताच ठरव, कारण नंतर ठरवलं की ज्याच्या सोयीचं असेल त्याच्या सोयीने ठरतं. आणि एक अवघड गोष्ट जी बायका जवळजवळ कधीच विचारत नाहीत, विभाग बंद करायचा निर्णय बोर्डाने घेतला तर माझं पुढे काय? ही काही निराशेची भाषा नाहीये, पुरुष मंडळी हे सहज विचारतात आणि त्यांना कुणी घाबरट म्हणत नाही.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाक. 'आज आपलं जे ठरलं ते माझ्या समजुतीप्रमाणे असं', आणि खाली चार ओळी. भांडणाचा सूर नको, आभारही थोडेच. माझा पहिला महिना आभार मानण्यात गेला होता गं, तुझा जाऊ देऊ नकोस.

आता ती कुजबुज, बाई आहे म्हणून मिळतंय. एमडींनी स्वतःच बोर्डाचं नाव घेतलंय, तेव्हा त्यात तथ्य नाही असं मी खोटं सांगणार नाही. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा केला की मोठ्या पब्लिक कंपन्यांच्या बोर्डावर किमान ४० टक्के बायका हव्यात, २००८ च्या सुरुवातीपर्यंत कंपन्यांना ते करावंच लागलं, नाहीतर कंपनी बंद करायची तरतूद होती. तेव्हाही लोक म्हणाले की आता कुणालाही आणून बसवतील. पुढे अर्थतज्ज्ञांनी तपासलं तर कायद्यानंतर आलेल्या बायका त्याआधी बोर्डावर असलेल्या बायकांपेक्षा शिक्षणात-अनुभवात सरस निघाल्या. बघितलंस ना, लायक बायका होत्याच, कुणी शोधत नव्हतं. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट आहे जी मला जास्त लागते, बोर्डावर बायका आल्या म्हणून त्याच कंपन्यांतल्या खालच्या बायकांचं फारसं काही बदललेलं दिसलं नाही. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने लिस्टेड कंपन्यांच्या बोर्डावर निदान एक बाई असली पाहिजे असं केलं तर काही ठिकाणी मालकांनी घरातलीच बाई आणून बसवली, मग सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, वेगळा नियम करून सांगावं लागलं की बाई स्वतंत्र संचालक हवी, मालकाच्या घरातली नको, २०१९ पासून पहिल्या ५०० आणि २०२० पासून पहिल्या १००० कंपन्यांना. नियमाने खुर्ची मिळते, सही मिळत नाही, ती मागावी लागते. तेव्हा तुला दार बाई म्हणून उघडलं असेल तर उघडू दे, लाज तुला वाटायचं कारण नाही, १८ वर्षं ते बंद होतं तेव्हा कुणी 'पुरुष आहे म्हणून मिळालं' अशी कुजबुज केली नव्हती.

कडक आहे म्हणतात ना, त्यावरही एक ऐक. २००३ मध्ये कोलंबिया बिझनेस स्कूलमध्ये एका प्राध्यापकाने हायडी रॉयझन या गुंतवणूकदार बाईची खरी केस वर्गात वाचायला दिली, पण अर्ध्या मुलांच्या कागदावर हायडीच्या जागी हॉवर्ड असं नाव घातलं, बाकी सगळं तेच. दोघं कर्तबगार आहेत हे मुलांनी मान्य केलं, पण हॉवर्डसोबत काम करायला आवडेल म्हणाले आणि हायडी स्वार्थी वाटली. एक नाव बदललं फक्त. म्हणून 'कडक' हा शब्द ऐकलास की लगेच स्वतःला बदलायला बसू नकोस, आधी विचार की मी नेमकं काय केलं होतं. कुणाचा सगळ्यांसमोर अपमान केला असशील तर ते सुधार, ते बाई-पुरुष दोघांनाही शोभत नाही. आणि नुसतंच 'हा माल रिजेक्ट आहे' म्हणाली असशील तर ते तुझं काम होतं.

त्या कलीगशी मात्र तू स्वतः जाऊन बोल, आणि हो म्हणायच्या आधी बोल, नंतर नाही. त्याला वाईट वाटणं साहजिक आहे, इतकी वर्षं वाट बघितलीये त्याने. समजूत काढायला जाऊ नकोस, सरळ म्हण की मला विचारलंय, मी विचार करतेय, तुला हा विभाग माझ्यापेक्षा जास्त माहितीये, तू माझ्या जागी असतास तर पहिल्यांदा काय बदललं असतंस? त्याने मनापासून उत्तर दिलं तर तुला तुझा उजवा हात मिळाला. नाही दिलं तर त्याला माणसं हलवण्याच्या अधिकाराच्या यादीत धर, आणि याबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नकोस.

घरचं तू फारसं लिहिलं नाहीयेस म्हणून मीही थोडक्यात. क्लॉडिया गोल्डिनला २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ती अशा नोकऱ्यांना हावरी कामं म्हणते, जी कधीही हाक मारतात आणि जो कधीही हजर असतो त्यालाच भरभरून पैसे देतात, आणि मग घरात एकाला हजर राहायचं तर दुसऱ्याला मागे राहावं लागतं. नवरा 'घे' म्हणतोय ते छानच आहे, पण आता त्याला विचार की मी रात्री नऊला आले तर आठ वाजताचं कोण बघणार, नावासकट ठरव. 'करू काहीतरी' हे उत्तर धरू नकोस, ते करू काहीतरी शेवटी तुझ्याच अंगावर येतं.

आणि तुझा शेवटचा प्रश्न, नाही म्हटलं तर पुन्हा विचारतील का. अगं, नाही म्हणायच्याही पद्धती आहेत. तू सगळं मागितलंस आणि त्यांनी 'आधी ये, मग बघू' एवढंच उत्तर दिलं तर माझ्या मते घेऊ नकोस, खरंच नको घेऊस, कारण ते 'मग' मी दीड वर्ष बघितलंय. पण तेव्हा 'मला जमणार नाही' असं चुकूनही म्हणू नकोस. असं म्हण की मला हा विभाग घ्यायचाय आणि एवढ्या गोष्टी असतील तर मी उद्यापासून घ्यायला तयार आहे, त्या नसताना तो कुणालाच नफ्यात आणता येणार नाही. हे मेलवर असू दे. अशी नाही म्हणणारी माणसं लोकांच्या लक्षात राहतात, पुढच्या वेळी विचारताना कागद तयार करून विचारतात.

आणि त्यांनी निम्म्या गोष्टी दिल्या तर? बहुतेक हेच होईल, कारण असं बोलणं निम्म्यावरच मिटतं. तेव्हा बघ की कुठला निम्मा भाग दिला. केबिन, गाडी, पदाचं नाव, बोर्डापुढे प्रेझेंटेशन हे सगळं देऊन किमती आणि माणसं यांचा अधिकार ठेवून घेतला असेल तर तो निम्मा नाही, काहीच नाही. उलट पद छोटं ठेवलं, पगारही थोडा कमी वाढवला, पण किमती, माणसं आणि खर्चाची सही तुझ्याकडे दिली, तर घे. खरंच घे, आणि पहिल्या तीन महिन्यांत त्यातला एक तरी अधिकार सगळ्यांना दिसेल असा वापर, एखादी तोट्याची ऑर्डर नाकार, म्हणजे सही तुझी आहे हे खालपर्यंत पोचेल.

रात्री दोनला जाग येते ना, तर वही उशाशी ठेव आणि जे डोक्यात येतं ते प्रश्नाच्या रूपात लिही, 'मी बुडाले तर' असं नको, 'जुन्या स्टॉकचा तोटा कुणाच्या खात्यात धरणार' असं. सकाळी तीच तुझी एमडींसाठीची यादी. आठ-नऊ दिवस राहिलेत अजून. हिशोब आजच माग, ते द्यायला जर चार दिवस लावले तर तेही लिहून ठेव.

— तुझी ताई